दादाच्या कागदांचे सात महिने

2024 च्या ऑक्टोबरात दादा गेला. सोयाबीन काढून शेतातल्या आखाड्यावर गंजी लावली होती. आभाळ भरून आलेलं, म्हणून राखणीला तो तिथंच ताडपत्री अंथरून झोपला. पहाटे चारला त्याचा फोन आला, पोटात कळ येतेय, मळमळतंय. मी पोहोचलो तेव्हा त्याच्या पापण्या उघडत नव्हत्या, जीभ जड झाली होती. अंगावर दाताची खूण दिसेना, सूज नाही. ग्रामीण रुग्णालयाच्या दारात नेईपर्यंत श्वास थांबला. डॉक्टर म्हणाले, "लक्षणं मण्यारीची दिसतात." मण्यार जमिनीवर झोपलेल्या माणसाला रात्री चावते आणि पुष्कळदा त्याला ते कळतही नाही, हे मला त्या सकाळी समजलं.

पुढची अर्धी लढाई तिथंच, रुग्णालयाच्या व्हरांड्यात झाली. डॉक्टरांनी शवविच्छेदनाचं विचारलं आणि घरची माणसं पेटून उठली. "माणूस तर गेलं, आता चिरफाड कशाला?" वडील, म्हणजे अण्णा, एकच वाक्य बोलत होते, "लेकराला घरी घेऊन चला." डॉक्टरांनी मला बाजूला नेलं. म्हणाले, "अंगावर खूण नाही. आज कागद झाला नाही तर उद्या तुम्ही सर्पदंश कशानं सिद्ध करणार? त्याच्या बायकोपोरांचा विचार करा." मी सही केली. अण्णा आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत. त्यांचा राग मला कळत होता, पण त्या डॉक्टरांचे उपकार मी विसरणार नाही. पोलिसांत आकस्मिक मृत्यूची नोंद झाली, आखाड्यावर पंचनामा झाला.

दहाव्याला गावचे कृषी सहायक भेटायला आले. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेचं नाव मी त्यांच्याकडूनच ऐकलं. पूर्वी ही योजना विमा कंपनीमार्फत चालायची. 2023 च्या एप्रिलपासून कंपनी मधे नाही, शासन थेट अनुदान देतं. मृत्यू झाला तर 2 लाख, दोन डोळे किंवा दोन अवयव गेले तरी तेवढेच. एक डोळा किंवा एक हात-पाय गेला तर 1 लाख. वीज पडणं, विजेचा धक्का, पाण्यात बुडणं, झाडावरून पडणं, सर्पदंश, विंचूदंश, रस्त्यावरचा अपघात, सगळं त्यात येतं. वय 10 ते 75.

माझी पहिली शंका सातबाऱ्याची. जमीन अण्णांच्या नावावर, दादाचं नाव कुठंच नाही. त्यावर ते म्हणाले, खातेदाराच्या कुटुंबातल्या एका सदस्यालाही संरक्षण आहे. आई-वडील, नवरा-बायको, मुलगा, अविवाहित मुलगी यांपैकी कोणीही एक. वहिनी त्या वेळी आतल्या खोलीत होती. तिला हे सांगायला गेलो तर म्हणाली, "भाऊजी, पैशाचं आत्ताच नका बोलू." पण अर्जाला 30 दिवस होते आणि त्यातले दहा गेले होते.

सातबारा, तलाठ्याकडून गाव नमुना सहा-क ची (वारसांच्या नोंदवहीतली) वारसनोंद, मृत्यूचा दाखला, दादाच्या वयाचा पुरावा, पोलिसांचे कागद, वहिनीचं आधार आणि पासबुक. नुसती नावं लिहिली तर सोपं वाटतं. वहिनीच्या आधारवर सासरचं नाव आणि पासबुकावर माहेरचं, एवढ्यानं पाच दिवस खाल्ले. याच फेऱ्यांत एकानं गाठून सांगितलं, वीस टक्के द्या, मी करून आणतो. ज्या घरातला कमावता माणूस महिन्यापूर्वी गेला त्या घराकडे असं मागणाऱ्याचा राग मला आजही येतो. अर्ज भरायला कोणाला काही द्यावं लागत नाही.

खरी अडचण मोठी होती. शवविच्छेदन अहवालात मृत्यूचं कारण राखून ठेवलं होतं; व्हिसेरा, म्हणजे पोटातल्या अवयवांचे नमुने, रासायनिक तपासणीला गेला होता आणि त्याला कितीही महिने लागू शकत होते. तालुक्याच्या कृषी कार्यालयात सांगितलं, तो अहवाल आल्यावर या. मी तसाच परत फिरलो असतो. त्या रात्री योजनेचा शासन निर्णय मोबाईलवर उघडून ओळ न् ओळ वाचला, तेव्हा सर्पदंशाची सवलत सापडली. सर्पदंशाच्या कागदांतून रासायनिक विश्लेषणाचा, म्हणजे व्हिसेराचा, अहवाल वगळलेला आहे. उपचाराआधीच माणूस गेल्यामुळे अहवाल मिळत नसेल तर त्यालाही सूट आहे, फक्त वैद्यकीय अधिकाऱ्याच्या सहीचं प्रमाणपत्र लागतं. त्याच डॉक्टरांनी ते दिलं. छापील कागदावर ती ओळ पेन्सिलीनं अधोरेखित करून साहेबांसमोर ठेवली. त्यांनी दोनदा वाचली आणि अर्ज घेतला. सव्विसावा दिवस होता. पोच मी मागून घेतली.

पुढचं तहसीलदारांच्या समितीकडे. तिथं नाकारलं गेलं तर जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडे दाद मागता येते, तेवढी वेळ आली नाही. मंजुरी झाली, मग निधीची वाट. मी दर पंधरा दिवसांनी जायचो, पोच दाखवायचो, यायचो.

मे महिन्यात वहिनीच्या मोबाईलवर बँकेचा मेसेज आला. तिनं तो अण्णांना वाचून दाखवला. अण्णा काही बोलले नाहीत, उठून माझ्या शेजारी येऊन बसले. दीड लाख दोन्ही लेकरांच्या नावावर ठेवले. उरलेल्यातून वहिनीनं सगळ्यात आधी तीन लोखंडी पलंग आणि मच्छरदाण्या आणल्या. त्यातला एक पलंग आखाड्यावर आहे.