पायी चालणाऱ्याचा रकाना

नोकरीत होतो तेव्हा वर्षातून दोनदा मला रस्त्याच्या कडेला गाड्या मोजायला बसावं लागायचं. सलग सात दिवस, रात्रंदिवस, पाळ्या लावून. लिंबाखाली टेबल, रात्री बॅटरी, हातात पेन्सिल. चार उभ्या रेघा, पाचवी आडवी. थंडीतली मोजणी बरी, कारण जवळच्या शेतातून भरीत आणि कळण्याची भाकरी यायची. जळगाव जिल्ह्यात यावल-रावेरकडे शेजारी पंगत बसली असेल तर रस्त्यावरच्या सरकारी माणसाला उपाशी ठेवत नाहीत.

दोनदा का, तर एक मोजणी हंगामातली आणि दुसरी आडहंगामातली. कापूस निघाला की जो रस्ता गाड्यांनी गजबजतो, त्यावर जूनमध्ये कुत्रंही दिसत नाही. दोन्ही आकडे हातात असले तरच रस्त्यावरचा खरा भार कळतो. डागडुजीची यादी करताना ही वर्दळ पाहायची, रस्त्याची अवस्था पाहायची, आणि मग वरून येणारी नावं. त्या तिसऱ्या गोष्टीवर आज लिहीत नाही.

मोजणीच्या तक्त्यात प्रत्येक वाहनाला वजन असायचं. मोटार एक, सायकल अर्धी, ट्रक तीन आणि बैलगाडी आठ! नवीन पोरं हसायची. मी सांगायचो, अरे, हा बैलाचा मान नाही. त्याच्यामागे जेवढ्या गाड्या तुंबतात त्यांचा हा हिशेब. एवढं सगळं मोजणाऱ्या त्या तक्त्यात पायी चालणाऱ्याला मात्र रकाना नव्हता.

अंकलेश्वर-बऱ्हाणपूर रस्त्यावर, फैजपूर-सावदा-रावेर पट्ट्यात, ही उणीव कधी जाणवली नाही. तिथे केळीचे ट्रकच रेघांनी पान भरून टाकायचे. खड्डे बुजवण्यासाठी भांडणारेही तिथे भरपूर, आणि त्यांचं चुकत नव्हतं. खड्ड्यात घड आदळला तर सालीवर त्या वेळी काहीच दिसत नाही. दोन-तीन दिवसांनी काळा डाग उमटतो, तोवर माल दिल्लीला पोचलेला असतो. डाग पाहून तिकडचा व्यापारी भाव पाडतो आणि तो तोटा फिरून शेतकऱ्याच्याच बोकांडी बसतो. खराब रस्त्यावरच्या वावरात यायला गाडीवाला भाडंही चढं सांगतो, ते वेगळं.

पण रस्ता मोडतो तोही त्याच ट्रकांनी. आसावरचं, म्हणजे चाकं जोडणाऱ्या दांड्यावरचं, वजन दुप्पट झालं तर रस्त्याची झीज दुप्पट नाही, साधारण सोळापट होते. 2018 मध्ये चार चाकांच्या एका आसाची मर्यादा 10.2 टनांवरून 11.5 टन केली. ऐकायला सव्वा टन, झीज मात्र दीडपटीहून जास्त. त्यात आपली काळी माती, पावसात फुगते आणि उन्हात भेगाळते. डांबर कितीही चांगलं घाला, साइडपट्टीवरून पाणी खाली मुरलं की वरचा थर उचललाच म्हणून समजा. पूर्वी मैलकुली असायचा. त्याच्या मैलातली रस्त्याकडेची पाण्याची चारी पावसाआधी तो कुदळीने उपसायचा, मोरीचं तोंड मोकळं करायचा. ते लोक निवृत्त होत गेले, जागा भरल्या नाहीत. आता आधी चारी बुजते, मग रस्ता फुटतो, मग लाखांचं अंदाजपत्रक.

सांगायचं होतं ते वेगळंच. सातपुड्याच्या पायथ्याशी तडवी आदिवासींच्या वस्तीकडे जाणाऱ्या एका रस्त्यावर आमची मोजणी लागली होती. रस्ता म्हणजे नुसती खडी वर आलेली. एस.टी. बंद झालेली, रिक्षावाले यायला तयार नाहीत. दिवसभरात काही मोटरसायकली, एक-दोन ट्रॅक्टर. पान कोरंच म्हणायचं. पहाटेपासून माणसं मात्र सारखी ये-जा करत होती. डोक्यावर मोळी घेतलेल्या बाया, शाळेची पोरं, आठवडे बाजाराला निघालेले म्हातारे. एक आबा संध्याकाळी परतताना टेबलाशी थांबले.

“साहेब, काय मोजता?”

“गाड्या, आबा.”

“सकाळी गेलो, आता आलो. मला दोनदा लिहिलं ना?”

मी काय सांगणार? रस्ता खराब म्हणून गाडी येत नाही, गाडी नाही म्हणून आकडा नाही, आकडा नाही म्हणून खडीवर डांबर नाही. बाई अडली तर रुग्णवाहिका अलीकडच्या फरशी पुलाशी थांबते, तिथवर तिला खाटेवर उचलून आणतात. ती खाट कुठल्या रकान्यात टाकायची? आणि चांगल्या रस्त्याचा आकडा दरवर्षी फुगतच जातो, कारण तो चांगला आहे म्हणून गाड्या तिकडेच वळतात.

त्या रात्री मी पट्टी घेऊन तक्त्याच्या कडेला पेन्सिलीने एक रकाना आखला. वर लिहिलं ‘पायी’. उरलेले दिवस पोरांना तोही भरायला लावला. पोरं कुरकुरली, कारण रेघा पानात मावेनात. मागच्या कोऱ्या बाजूवर लिहावं लागलं.

कचेरीत कागद दिले तेव्हा वरिष्ठांनी चष्म्यावरून पाहिलं. म्हणाले, “नमुन्यात नाही ते कशाला लिहिता?” आणि लाल शाईने त्या रकान्यावर उभी रेघ ओढली. गोषवारा पुन्हा लिहून द्यावा लागला. जुना तक्ता मी टाकला नाही, घरी घेऊन आलो. परवा माळा साफ करताना सापडला. पेन्सिल पुसट झालीय, पण रेघा अजून मोजता येतात.