केळी भाव सेवा, टप्पा 3: इनिट नेमके कधी चालते?

रावेर, यावल, चोपडा आणि मुक्ताईनगर तालुक्यांचे केळीभाव देणाऱ्या ॲक्सिस-2 (जावातील वेब-सेवा चालवणारी चौकट) वरच्या सेवेचे काम स्कोपपाशी, म्हणजे सेवेचे ऑब्जेक्ट किती काळ जगते या प्रश्नापाशी, आले आहे. भावांची फाइल इनिटमध्ये, म्हणजे ऑब्जेक्ट तयार होताच चालणाऱ्या मेथडमध्ये, वाचली जाते. सर्व्हिसेस डॉट एक्सएमएल या सेवेच्या मांडणीच्या फाइलमध्ये स्कोप लिहिला नाही तर तो रिक्वेस्ट धरला जातो. म्हणजे दर विचारणेला नवे ऑब्जेक्ट, नवे इनिट, आणि तीच फाइल पुन्हा पहिल्या ओळीपासून.

खात्री करायची तर इनिटमध्ये ऑब्जेक्टचा आयडेंटिटी हॅशकोड (त्याची ओळख सांगणारा आकडा) लॉग करा आणि दहा वेळा भाव विचारा. रिक्वेस्ट स्कोपमध्ये लॉगच्या दहा ओळी येतात, ॲप्लिकेशन स्कोपमध्ये, म्हणजे सर्व विचारणांना मिळून एकच ऑब्जेक्ट असताना, एकच. फाइल वाचायला कन्स्ट्रक्टर वापरू नका. तिथे सर्व्हिस कॉन्टेक्स्ट (सेवेची मांडणी देणारे ऑब्जेक्ट) हाती नसतो. इनिट आणि डिस्ट्रॉय ठरवून देणारा लाइफसायकल इंटरफेस घेतला की मेथडची सिग्नेचर चुकल्यास कंपायलरच अडवतो.

म्हणून सेवा ॲप्लिकेशन स्कोपवर नेली. तरीही ऑब्जेक्ट पहिल्या विचारणेलाच तयार होते आणि सकाळचा पहिला शेतकरी ताटकळतो. लोड-ऑन-स्टार्टअप पॅरामीटर ट्रू केला की हे काम सर्व्हर सुरू होतानाच उरकते.

खरी जोखीम पुढे आहे. ऑब्जेक्ट एक आणि त्यावर एकाच वेळी चालणारे थ्रेड अनेक. सेवा चालवणाऱ्या टॉमकॅट सर्व्हरची मूळ मर्यादाच 200 थ्रेडची आहे. चालू हॅशमॅपमध्ये भाव बदलत बसलात तर अर्धे जुने, अर्धे नवे भाव बाहेर जातील. नवा मॅप वेगळा पूर्ण भरा, मगच व्होलाटाइल (बदल सर्व थ्रेडना लगेच दिसणारा) संदर्भ त्याच्याकडे वळवा. तारखा मांडणारा सिंपलडेटफॉरमॅट सामायिक फील्डमध्ये अजिबात नको, तारखा एकमेकींत मिसळतात.

सोप सेशन, म्हणजे सोप संदेशांतून क्लायंटची ओळख जपणारा स्कोप, या कामाला नकोच. त्याला ॲड्रेसिंग मॉड्यूल चालू लागते आणि मूळ मुदत फक्त 30 सेकंदांची. गावातले नेट तेवढ्यात तुटले तर आधीचे सेशन गेले. ट्रान्सपोर्ट सेशन कुकीवर चालते. क्लायंटने मॅनेज-सेशन ट्रू केले नाही तर दर वेळी नवेच सेशन.

डिस्ट्रॉयवर, म्हणजे ऑब्जेक्ट बंद होताना चालणाऱ्या मेथडवर, मात्र विसंबू नका. वीज गेली किंवा प्रोसेस जबरदस्तीने मारली तर ते चालतच नाही, आणि आपल्याकडे उन्हाळ्यात वीज जाणे नवे नाही. दिवसाचे भाव त्यात साठवण्याऐवजी नोंद आल्याबरोबर फाइलमध्ये लिहा.

पुढचे काम: सर्व्हिस-लाइफसायकल या वर्गाच्या स्टार्टअपमध्ये, म्हणजे सेवा सुरू होताना चालणाऱ्या मेथडमध्ये, फाइल तपासणे. तो वर्ग सेवेच्या ऑब्जेक्टपासून वेगळा असतो, म्हणून त्याच्या फील्डमधले सेवेला दिसत नाही. तपासलेला फाइलचा मार्ग कॉन्फिगरेशन कॉन्टेक्स्ट या दोघांनाही दिसणाऱ्या ऑब्जेक्टमध्ये प्रॉपर्टी म्हणून ठेवायचा आहे.