अखेर ड्रीप बसलं एकदाचं!

सोलापूरचं ऊन आणि चार-पाच दिवसांनी येणारं नळाचं पाणी, यात झाडं जगवायची म्हणजे रोज संध्याकाळी बादल्या घेऊन पळापळ, म्हणून आज सुट्टीचा मुहूर्त काढून आंबा, लिंबू, दोन जास्वंदी आणि कडीपत्त्याला ड्रीप, म्हणजे ठिबक सिंचन केलं.

१६ एमएमची नळी कनेक्टरवर चढेचना, अंगठे सोलले, मग आईनं चहाच्या आधणात तिचं टोक बुडवून दिलं अन् झटक्यात बसली (चहा परत टाकावा लागला ते सोडा). शेजारचे काका कंपाउंडवरून, "काय करायलायस बे सकाळपासून?"

खरा घोळ ठरल्या वेळी पाणी सोडणाऱ्या टायमरचा. आधी आणलेला टाकीच्या पाण्यावर उघडेचना, त्याला प्रेशर लागतं म्हणे, मग दुकानात परत जाऊन बॉल व्हॉल्ववाला आणला, तो कमी प्रेशरलाही चालतो. आंब्याला तासाला ४ लिटर थेंबथेंब सोडणारे चार ड्रीपर, खोडाला चिकटून नाही, फांद्यांच्या सावलीच्या कडेला गोल. म्हणजे तासाला १६ लिटर.

टाकीतल्या बोअरच्या पाण्यातल्या क्षारानं ड्रीपर चोंदणार हे माहितीय, फिल्टर लावलाय, बघू.

पहाटे ५ चा टायमर लावलाय आणि मी आत्ताच ४:३० चा अलार्म लावून बसलोय, बघायला नको का!