आमची वाटचाल: लागेल तेव्हाच लोड

सांगलीच्या मार्केट यार्डातल्या हळद-बेदाण्याच्या अडत दुकानांसाठी हिशेबाचं सॉफ्टवेअर लिहायला आम्ही विश्रामबागेतल्या एका गाळ्यात सुरुवात केली. भांडवल बेताचं, म्हणून संगणक जुने घेतले, त्यावर लिनक्स टाकलं आणि कोड लिहायला विम हा एडिटर धरला. आजही तेच आहे.

काम वाढलं तशी प्लगिन, म्हणजे एडिटरला जोडायचे छोटे प्रोग्रॅम, वाढली. पीएचपीचं, एसक्यूएलचं, गिटचं. शिवाय नवीन येणारा प्रत्येक जण आपलं आवडतं घेऊन यायचा. आमच्याकडे एडिटर दिवसभर उघडझाप होत असतो. "अहो, पट्टीत तोलाई दोनदा पडतीय, शेतकरी समोर उभा आहे" असा दिवाणजींचा फोन आला की फाइल तत्काळ समोर हवी. पण सगळी प्लगिन लोड होईपर्यंत विम उघडायला वेळ लागायचा.

2016 साली आलेल्या विम 8 मध्ये यावर घरचाच उपाय मिळाला. त्याच्या पॅकेजमध्ये 'स्टार्ट' आणि 'ऑप्ट' असे दोन फोल्डर असतात. स्टार्टमधलं प्लगिन विम उघडतानाच लोड होतं, ऑप्टमधलं पॅकअ‍ॅड ही कमांड मिळेपर्यंत पडून राहतं. एसक्यूएलचं प्लगिन आम्ही ऑप्टमध्ये टाकलं आणि त्या प्रकारची फाइल उघडली की पॅकअ‍ॅड चालावं असा ऑटोकमांड (आपोआप चालणारी सूचना) विमआरसीत, म्हणजे विमच्या सेटिंगच्या फाइलीत, लिहिला. पण काहीही हलवण्याआधी विम 'स्टार्टअपटाइम' लावून उघडायचं आणि कुठली फाइल किती मिलिसेकंद खाते ते बघायचं, हा आमचा नियम. अंदाजाने हात घालू देत नाही.

एका ठिकाणी जपावं लागतं. काही प्लगिन फाइलचा प्रकार ओळखायचं कामही स्वतःच करतात. ते 'एफटीडिटेक्ट' फोल्डरात असतं. असं प्लगिन ऑप्टमध्ये गेलं की विमला प्रकार कळत नाही, म्हणून ऑटोकमांड चालत नाही, आणि तो चालत नाही म्हणून प्लगिन येत नाही. कुठलीही एरर दिसत नाही. त्यामुळे ओळखण्याची ती ओळ आम्ही आमच्या विमआरसीत ठेवतो. नीट लिहिलेल्या प्लगिनला मात्र हा खटाटोप फारसा लागत नाही. त्याचा मोठा कोड 'ऑटोलोड' फोल्डरात असतो आणि त्यातलं फंक्शन पहिल्यांदा लागेल तेव्हाच वाचला जातो. प्लगिन निवडताना मी आधी तो फोल्डर उघडून बघतो.

आमच्या सॉफ्टवेअरची मांडणीही यातूनच ठरली. दुकान उघडल्यावर पट्टी, खातेवही आणि रोजमेळ एवढंच लोड होतं. जीएसटीची विवरणं, कोल्ड स्टोरेजच्या पावत्या त्या त्या मेनूवर क्लिक केल्यावर येतात. पहिल्या क्लिकला थोडं थांबावं लागतं, हे गिऱ्हाइकाला आधीच सांगतो. सौदे चालू असताना काउंटरवरच्या जुन्या संगणकावर पट्टी अडता कामा नये, ते महत्त्वाचं. बेदाण्याच्या हंगामाआधी कोल्ड स्टोरेजचा भाग आम्ही नव्याने लिहितोय. त्यात पावतीची छपाईसुद्धा वेगळी काढतोय, कारण बहुतेक दुकानांत ती संध्याकाळीच लागते.