पाचचं ॲव्हरेज

गोव्यात वेर्ण्याला महागड्या गाड्यांच्या एका वर्कशॉपमध्ये मी सर्व्हिस ॲडव्हायझर आहे. 'ॲव्हरेज देत नाही' ही तक्रार आमच्याकडे रोजचीच. तीन रांगांची, तीन लिटरच्या सहा सिलिंडर पेट्रोल इंजिनाची, जवळजवळ अडीच टन वजनाची गाडी घ्यायची आणि पंपावर गेलं की हळहळायचं, असे ग्राहक मी पुष्कळ पाहिलेत. त्यांना समजावायची माझी वाक्यंही आता ठरून गेली आहेत.

मे महिन्यातल्या त्या सकाळी फोंड्याचे एक बिल्डर शेट आले ते मात्र ड्रायव्हरला सोबत घेऊन. त्याला बाहेर उभं केलं आणि मला म्हणाले, "पाचचं ॲव्हरेज देते. आता हा पेट्रोल काढतो की पंपवाला मापात मारतो, तेवढं मला शोधून द्या. पोलिसात जायची माझी तयारी आहे." आवाज त्यांनी खाली आणला होता, पण दार उघडंच होतं. ड्रायव्हर वाळपईकडचा, पन्नाशी उलटलेला. ऐकू आलं नाही असं दाखवत तो गाडीची काच पुसत राहिला.

गाडीच्या कॉम्प्युटरमध्ये बिघाडाचा कोड नव्हता, गळती नव्हती, टायरांत हवा बरोबर, एअर फिल्टर स्वच्छ. मग मी शेटकडे पंपाच्या पावत्या मागितल्या. हिशेबी माणूस, सगळ्या जपून ठेवलेल्या. टाकी फुल केल्यापासून पुन्हा फुल करेपर्यंत गाडी चालली 214 किलोमीटर आणि पेट्रोल लागलं 43 लिटर. म्हणजे पाच. गाडीच्या स्क्रीनवर त्याच पल्ल्याचं ॲव्हरेज दिसत होतं 5.2.

इथे माझ्या दृष्टीने चोरीचा विषय संपला. गाडीचा कॉम्प्युटर टाकीतलं पेट्रोल मोजत नाही. इंजिनात पेट्रोल फवारणाऱ्या इंजेक्टरमधून किती गेलं ते मोजतो. कोणी टाकीतून काढलं, किंवा पंपाने कमी घातलं, तर ते इंजेक्टरपर्यंत पोचणारच नाही. मग स्क्रीनवर आठ-नऊ दिसेल आणि पावत्यांवर पाच. इथे दोन्ही आकडे जवळजवळ एकच. स्क्रीन थोडी फुगवून सांगते, ते सगळ्याच गाड्यांत थोडंफार असतं. पेट्रोल इंजिनातच जळलं होतं.

"मग गेलं कुठे?" शेटनी टेबलावर बोट आपटलं.

त्याच स्क्रीनवर खाली आणखी एक आकडा असतो, त्याकडे कोणी बघत नाही: सरासरी वेग. तो होता ताशी 11 किलोमीटर. पर्वरीच्या ट्रॅफिकमध्ये अडकलेली गाडीसुद्धा दिवसभराचा हिशेब धरला तर एवढी खाली येत नाही. 214 किलोमीटरला इंजिन साडेएकोणीस तास चालू होतं. रस्त्यावर सात तास गेले असं धरलं तरी बारा-साडेबारा तास गाडी जागच्या जागी घुरघुरत उभी होती.

मी ड्रायव्हरला आत बोलावलं. "काका, शेट साइटवर जातात तेव्हा तुम्ही एसी चालू ठेवता का?"

तो शेटकडे बघून म्हणाला, "शेटनीच सांगितलंय. आले की गाडी थंडगार पाहिजे. एकदा सीट तापलेली होती, तेव्हा कोण बोलणी खाल्ली मी!"

शेट गप्प. मग एकदम त्यांना सुचलं, "पण ही गाडी उभी राहिली की इंजिन आपोआप बंद होतं ना? शोरूमवाल्याने दाखवलं होतं." होतं, पण बाहेर ऊन मी म्हणतंय आणि एसी शेवटच्या टोकाला असेल तर कॉम्प्रेसरसाठी इंजिन चालूच राहतं. शोरूमवाल्याने ते दाखवलं होतं जानेवारीत.

दुपारी मी गाडी उन्हात लावली, एसी पूर्ण थंड, मागच्या दोन्ही रांगांचे ब्लोअर चालू, आणि शेटना शेजारी बसवून स्कॅनर जोडला. आकडा वरखाली होत दीडच्या आसपास स्थिरावला. चाक न हलता तासाला दीड लिटर. बारा-साडेबारा तासांचे झाले एकोणीस लिटर. 43 मधून ते वजा केले तर उरलेल्या 24 लिटरमध्ये गाडी 214 किलोमीटर चालली, म्हणजे नऊला जरा कमी. या आकाराच्या गाडीला गावातल्या रस्त्यांवर ते वाईट नाही.

शेटचा अजून विश्वास बसेना. कंपनीचा आकडा याहून वरचा आहे म्हणाले. तो आकडा रोलरवर गाडी चालवून, एसी बंद ठेवून काढलेला असतो, आणि त्या चाचणीत वेग ताशी 90 च्या वर जात नाही. शिवाय आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलपेक्षा तिसऱ्या हिश्शाने कमी ऊर्जा असते, तेव्हा थोडी घट तिथेही येते. पण थोडीच, सध्या सगळं खापर इथेनॉलवर फोडायची फॅशन आहे, पण तेवढ्या घटीने नवाचे पाच होत नाहीत.

शेवटी टाकी फुल करून निघालो. नोझलने पहिला 'टक्' केला की थांबायचं, वरून एक थेंब भरायचा नाही. गाडी ड्रायव्हरलाच चालवायला दिली. मडगाव, कुंकळ्ळी, करमल घाट, काणकोण आणि परत. एसी 24 वर. काकांचा हात इतका हलका की घाट उतरताना ब्रेक जेमतेम लागले. जड गाडीत खरी बचत तिथेच असते, कारण प्रत्येक ब्रेकबरोबर अडीच टनांना दिलेला वेग फुकट जातो. परतल्यावर त्याच पंपावर, त्याच नोझलने भरलं. 98 किलोमीटरला 9.4 लिटर. दहाच्या वर.

"म्हणजे पेट्रोल मीच प्यायलो म्हणा की," शेट म्हणाले. माफी वगैरे काही मागितली नाही. पंपावरून वर्कशॉपला येताना ड्रायव्हरला एवढंच म्हणाले, "यापुढे मी निघताना फोन करीन, तेव्हा पाच मिनिटं आधी चालू कर."

"आणि तोवर मी कुठे बसू?" काकांनी विचारलं. साइटवरच्या ऑफिसात पंखा आहे, हे शेटना तेव्हा आठवलं.

जॉबकार्डवर मी 'दोष आढळला नाही' असं लिहिलं आणि सगळे आकडे खाली मांडले. काकांनी त्याची एक प्रत मागून घेतली, घडी घालून खिशात ठेवली. शेट मात्र काउंटरवर वाद घालत होते की टेस्ट ड्राइव्हचं साडेनऊ लिटर पेट्रोल वर्कशॉपच्या खात्यावर पडायला हवं. मी ऐकलं नाही.