परदेशी लायसन्सवर कोकण: पांढऱ्या प्लेटची भाड्याची गाडी घेऊ नका

मुंबईहून किनाऱ्याकिनाऱ्याने मालवण गाठायचं, वाटेत फेरीबोटी घ्यायच्या, गाडी आपणच चालवायची. बेत झकास आहे, जरूर करा. फक्त पांढऱ्या नंबर प्लेटची, म्हणजे खासगी, गाडी भाड्याने घेऊ नका. देणारा मावसभावाचा मित्र असला तरी नको, दिवसाला हजार रुपये वाचत असले तरी नको. डिपॉझिटातले बारा हजार अजून परत यायचे आहेत, त्यामुळे पुढचं सगळं चिडूनच लिहितोय.

माझा पासपोर्ट ब्रिटिश, लायसन्सही ब्रिटिश. इथलं जुनं लायसन्स कधीच संपलं. ठाण्यातल्या गाडीमालकाला मी पैसे देण्याआधी विचारलं होतं, परदेशी लायसन्सवर चालवणार आहे, इन्शुरन्सचं काय? उत्तर आलं, "सर, फुल इन्शुरन्स आहे, झिरो डेपसकट. तुम्ही बिनधास्त फिरा." पॉलिसीचं पहिलं पान व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलं. तारीख बरोबर, कंपनी नावाजलेली, रक्कम भरलेली. मुदत खरंच चालू होती, त्यात खोटं काहीच नव्हतं.

श्रीवर्धन, हरिहरेश्वर, वेश्वी-बागमांडला फेरी हे सगळं मजेत पार पडलं. केळशीपर्यंत सांगण्यासारखं काही नाही.

केळशीहून आडे-पाडले करत आंजर्ल्याला येताना वाडीतून जाणारे काही तुकडे असे आहेत की रस्ता बैलगाडीच्या मापाचा आणि दोन्ही बाजूंना जांभ्याचे गडगे, म्हणजे दगडी कुंपणं. नकाशावर हा रस्ता हायवेसारखाच एका रेघेचा दिसतो. अशाच एका वळणावर समोरून एसटी आली. एसटी मागे जात नाही, तिने जाऊही नये. मी रिव्हर्स टाकला, आरसे मिटले, बायको खाली उतरून "ये, ये, अजून ये" करत होती. गडग्यावर बसलेले एक आजोबा म्हणाले, "वायच उजवीकडं घ्या, पावनं." मी घेतली. एसटी हाताच्या अंतराने निघून गेली आणि त्याच वेळी डाव्या बाजूने करकर आवाज आला. दोन्ही दारांवर लांबलचक ओरखडा, मागच्या दाराला चेपही, आणि पत्रा उघडा पडला होता तिथे जांभ्याचा लाल भुगा बसलेला. हात फिरवला तर बोटं लाल.

ज्याला सराव आहे त्यालाही या रस्त्यावर असं होऊ शकतं. इथे मोठी एसयूव्ही नेऊ नका. हॅचबॅक घ्या, संध्याकाळी शाळा-एसटीच्या वेळा टाळा, आणि बरोबर असा माणूस ठेवा ज्याला न लाजता खाली उतरून रस्ता दाखवता येतो.

मालकाला लगेच फोटो पाठवले आणि क्लेम करा म्हणालो. इथून सूर बदलला. आधी "बघतो", मग "क्लेम नाही करता येणार सर", मग रात्री एक आकडा आला: अडतीस हजार. दोन दारं, मागचा पॅनल (ज्याला काही झालंच नव्हतं), आणि गाडी गॅरेजमध्ये उभी राहील त्याचे रोजचे अडीच हजार. दापोलीत माझा मामेभाऊ असतो. त्याच्या ओळखीच्या डेंटरने गाडीभोवती एक फेरी मारली आणि दोन दारांचं डेंटिंग-पेंटिंग नऊ हजारांत सांगितलं, तेही दोन दिवसांत.

क्लेम का करता येणार नाही, हे मामेभावाने जेवताना सांगितलं. खासगी गाडीच्या पॉलिसीत वापराची मर्यादा लिहिलेली असते: भाडं घेऊन वापर चालणार नाही, माल वाहणं चालणार नाही, शर्यत चालणार नाही. मालकाने मला ते पान पाठवलंच नव्हतं. क्लेमच्या फॉर्मवर गाडी कोण चालवत होतं, त्याचं लायसन्स कुठलं आणि गाडी कशासाठी नेली होती, हे विचारतात. मालकाने खरं लिहिलं तर क्लेम फेटाळला जाणार. "मित्राला दिली होती" असं लिहिलं आणि विमा कंपनीच्या सर्वेअरला जीपेवर आलेलं भाडं दिसलं, तर मालक जास्तच अडकणार. वर त्याचा नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट. तो पाच वर्षांत वाढत ५० टक्क्यांपर्यंत जातो आणि एका क्लेममध्ये शून्यावर येतो. म्हणजे क्लेम करायला त्याला एकही कारण नव्हतं, आणि माझ्या खिशातून काढायला मात्र सगळी कारणं होती. झिरो डेप खरंच होतं, पण त्यात बदललेल्या भागांवर एरवी कापला जाणारा घसारा (प्लास्टिक-रबराच्या भागांवर ५० टक्के) वाचतो, एवढंच. जी पॉलिसी लागूच होत नाही तिच्यावरच्या झिरो डेपचा काय उपयोग?

हे ओरखड्याचं झालं. माणसाला धक्का लागला असता तर? थर्ड पार्टीच्या, म्हणजे तिऱ्हाइताच्या नुकसानीच्या, बाबतीत मोटार अपघात न्यायाधिकरण बऱ्याचदा विमा कंपनीला आधी भरपाई द्यायला लावतं आणि कंपनीला ती नंतर मालकाकडून वसूल करू देतं. गाडी चालवणाराही त्या दाव्यात पक्षकार असतो. त्यात पंधरा लाखांचा जो अपघाती विमा पॉलिसीत सक्तीचा असतो, तो गाडीच्या मालकाचा. भाड्याने घेऊन चालवणाऱ्याला त्यातला एक रुपया नाही. परमिटशिवाय गाडी भाड्याने वापरली तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९२-अ मध्ये पहिल्याच वेळी दहा हजारांचा दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद लिहिली आहे, आणि त्या कलमात चालवणाराही येतो. मामेभाऊ हे सगळं सोलकढी ओतत ओतत सांगत होता. मला मात्र जेवण गेलं नाही.

आता कामाचं.

स्वतः चालवायला भाड्याने देण्याच्या परवान्यावरच्या गाडीची नंबर प्लेट काळी असते आणि अक्षरं पिवळी. पिवळ्या प्लेटवर काळी अक्षरं म्हणजे ड्रायव्हरसकट मिळणारी टॅक्सी. पांढरी प्लेट म्हणजे खासगी. गाडी घरी आली की आधी प्लेट बघा, मग बाकीचं. पैसे देण्याआधी सरकारच्या एम-परिवहन अ‍ॅपवर नंबर टाका. तिथे वाहनाचा वर्ग आणि विम्याची मुदत दोन्ही दिसतात. पॉलिसीचं पहिलं पान नको, सगळी पीडीएफ मागा आणि वापराची मर्यादा व ड्रायव्हरची अट एवढे दोन परिच्छेद तरी वाचा. कोणी कुरकुर केली तर गाडी घेऊ नका, एवढं सोपं आहे.

काळ्या प्लेटची गाडी घेतली तरी करारात नुकसानीची तुमच्यावरची मर्यादा किती रुपयांची, हे लेखी घ्या. "फुल" शब्दावर जाऊ नका. टायर, काचा आणि गाडीच्या पोटाला लागलेला मार बऱ्याच करारांत वेगळा काढलेला असतो, आणि कोकणात नेमकं पोटच घासतं. भरतीच्या वेळी पुळणीवर (किनाऱ्याच्या वाळूवर) गाडी घालणाऱ्यांसाठी: इंजिनात पाणी जाऊन झालेलं नुकसान साध्या पॉलिसीत मिळत नाही, त्याला इंजिन प्रोटेक्टचं वेगळं कव्हर लागतं, आणि मुद्दाम समुद्रात नेलेल्या गाडीला तेही मिळेल याची खात्री धरू नका. कर्दे-मुरुडला रुतलेल्या गाड्या ट्रॅक्टरने ओढताना बघायला गंमत वाटते. आपली नको.

फेरीबोटीबद्दल मी उगाच घाबरत होतो. साध्या पॉलिसीत रस्ता, रेल्वे आणि अंतर्गत जलमार्गाने नेताना झालेलं नुकसान धरलेलं असतं. दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड दोन्हीकडे गाडी बिनघोर चढवा, फक्त हँडब्रेक लावा आणि पहिल्या गिअरमध्ये ठेवा.

परदेशी लायसन्सवाल्यांनी निघण्याआधी आंतरराष्ट्रीय ड्रायव्हिंग परवाना काढून यायचा. भारतासाठी तो १९४९ च्या आंतरराष्ट्रीय रस्ते वाहतूक कराराचा लागतो. ब्रिटनमध्ये पेपॉइंटच्या दुकानात साडेपाच पौंडांत हातात मिळतो, पण दुकानदार विचारेल कुठला, तेव्हा १९६८ चा घेऊन येऊ नका. मुदत एक वर्ष. तो लायसन्स दिलेल्या देशातच मिळतो, इथे येऊन धावाधाव करून उपयोग नाही. सोबत मूळ लायसन्सही लागतं. रस्त्यावर कदाचित कोणी विचारणार नाही. विमा कंपनी विचारते.

तिकडची गाडीची पॉलिसी इथे चालत नाही, एका देशाचा गाडीचा विमा दुसऱ्या देशात मान्य करणाऱ्या ग्रीन कार्ड योजनेत भारत नाही. भाड्याच्या गाडीचा एक्सेस (नुकसानीतला आपल्या खिशातून जाणारा भाग) भरून देणाऱ्या वेगळ्या पॉलिसी तिकडे स्वस्तात मिळतात. माझ्याकडे होती. त्यांनी पहिल्याच ईमेलमध्ये परवानाधारक भाडे कंपनीचा करार मागितला. माझ्याकडे होते व्हॉट्सअ‍ॅपचे मेसेज.

ओरखडा पडलाच तर कोणाशी वाद घालण्याआधी त्याच जागी फोटो काढा: ओरखडा जवळून, सगळी गाडी लांबून, भोवतीचा गडगा आणि रस्ता. दुरुस्तीआधी कंपनीला कळवावं लागतं, आधी दुरुस्त करून मग बिल पाठवलं तर भांडण नक्की. गाडी ताब्यात घेतानाचा व्हिडिओ माझ्याकडे होता, म्हणून मागच्या पॅनलचे पैसे तरी मालकाने आकड्यातून काढले. बाकीच्यावर घासाघीस होऊन आकडा एकवीस हजारांवर आला आणि तो त्याने डिपॉझिटातून कापला. माझ्या मते डेंटरचा नऊ हजारांचा आकडाच बरोबर होता, म्हणून उरलेले बारा मागतोय. तो रोज "उद्या" म्हणतो.

गुहागर, हेदवी, वेळणेश्वर, गणपतीपुळे सुंदर आहे, फोटो सगळीकडे मिळतील. मी स्टेअरिंग इतकं घट्ट धरून चालवत होतो की आरे-वारेचा समुद्र बायकोनेच पाहिला. रत्नागिरीत गाडी लॉजच्या आवारात उभी केली आणि पुढे विजयदुर्ग, देवगड, मालवणला पिवळ्या प्लेटची टॅक्सी ड्रायव्हरसकट केली. खर्च सेल्फ-ड्राइव्हपेक्षा जास्त आला. ज्यांचं लायसन्स परदेशी आहे आणि ज्यांना नीट काळ्या प्लेटची गाडी मिळत नाही, त्यांनी पहिल्या दिवसापासून हेच करावं. ड्रायव्हरचं जेवण आणि रात्रीचा भत्ता आधी ठरवून घ्या. आमच्याकडून मालवणात रात्रीच्या भत्त्याचे पाचशे जास्त गेले, पण ते मी हसत दिले.