पाच फुटांसाठी अडीच महिने: वणव्याच्या तपासणीचा माझा अनुभव

घराची वणव्याच्या दृष्टीने तपासणी करून घेतली त्याला चार महिने झाले, त्यातले अडीच महिने एका अर्जात गेले आणि अजून आठवलं की डोकं तापतं. म्हणून लिहितेय, निदान तुमचं तरी तिथे अडू नये.

तपासणी मागवणं अजिबात अवघड नाही. स्वयंसेवक येतात, पैसे घेत नाहीत, फॉर्म भरला, फोन आला, तारीख ठरली. दोघं जण आले, एक अग्निशमन दलातून निवृत्त झालेले काका आणि त्यांच्याबरोबर ट्रेनिंग घेतलेली एक मुलगी. मला वाटलं मागच्या टेकडीवरचं जंगल बघतील, झाडं किती लांब आहेत ते मोजतील. त्यांनी सुरुवात केली ती थेट आमच्या भिंतीपासून आणि मग बाहेर बाहेर सरकत गेले, पहिले ५ फूट, मग ३० पर्यंत, मग १०० पर्यंत. काका म्हणाले, वणव्यात बरीचशी घरं पेटतात ती उडत आलेल्या निखाऱ्यांनी, आग अजून लांब असते आणि वाऱ्याबरोबर निखारे येऊन पन्हळीतल्या पाल्यात, डेकखाली म्हणजे घराला जोडलेल्या लाकडी ओट्याखाली, व्हेंटमधून म्हणजे हवा खेळायच्या झरोक्यातून माळ्यावर पडतात. शिडीवर चढून त्यांनी पन्हळीतून मूठभर पाला काढला आणि माझ्या हातात चुरला, नुसती भुकटी झाली. माळ्याच्या व्हेंटच्या जाळीतून त्यांचं पेन आरपार गेलं. जाळी धातूची हवी आणि भोकं ३ मिलिमीटर किंवा त्याहून बारीक, प्लॅस्टिकची वितळते. हे दोन्ही आम्ही त्याच आठवड्यात करून टाकलं, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

अडलं ते पहिल्या ५ फुटांत. समोरच्या खिडकीखाली भिंतीला लागून जुनिपरची, म्हणजे सुयांसारख्या पानांच्या सदाहरित झुडपांची रांग होती, वसाहत झाली तेव्हापासूनची, आणि तिच्या बुडाशी लाकडाच्या सालींचा थर. रिपोर्टमध्ये पहिल्या नंबरला लिहिलं होतं की हे सगळं काढा, तिथे खडी टाका, त्या पट्ट्यात पेटण्यासारखं काहीही नको. आमच्या वसाहतीत घरासमोरची झाडं काढायची तर कमिटीची परवानगी लागते. अर्ज एका पानाचा, मी त्याच संध्याकाळी भरून दिला.

तीन आठवड्यांनी परत आला. का, तर "त्याजागी काय लावणार" या रकान्यात मी खडी लिहिलं होतं आणि तिथे झाडाचं नाव लागतं. मी फोन केला, समजावलं की झाड नकोय म्हणूनच तर काढतेय. सेक्रेटरी म्हणाले रकाना रिकामा चालत नाही. मग रकान्यात "काही नाही, कारण जोडलं आहे" लिहून रिपोर्ट जोडून परत दिला. परत आला! आता म्हणे स्वयंसेवकांचा रिपोर्ट चालणार नाही, त्यावर शिक्का नाही, तज्ज्ञाचं पत्र आणा. मग मीटिंगला गेले तर माणसंच पुरेशी जमली नाहीत, विषय पुढच्या महिन्यावर. रोज सकाळी खिडकी उघडली की खाली ती झुडपं, उन्हाळा चढत चाललेला, गवत पिवळं पडलेलं, वारा सुटला की मी रात्री उठून बाहेर बघायचे. नवरा म्हणाला, उपटून टाकू, काय दंड करतील तो करू दे. मला ते पटत नव्हतं, कारण माझं एकटीचं घर वाचून भागत नाही, शेजारचं घर पेटलं तर त्याची धग आणि निखारे आमच्याकडेच येणार. नियम बदलला तरच बाकीचे करतील.

मध्ये मी खूप वाचलं. अमेरिकेच्या वन खात्यातले संशोधक जॅक कोहेन यांनी कॅनडात मुद्दाम लावलेल्या आगींसमोर लाकडी भिंती उभ्या करून बघितल्या होत्या, जंगल शेंड्यापर्यंत पेटलेलं असताना ३० मीटरवरच्या भिंती पेटल्या नाहीत. म्हणजे लांबचं जंगल नुसत्या धगीने घर पेटवत नाही, घराला चिकटलेल्या वस्तू पेटवतात. कॅलिफोर्नियातल्या २०१८ च्या "कॅम्प फायर" नावाच्या वणव्यानंतरचे तिथल्या पॅराडाइज गावाचे फोटो बघा, घरांची राख झालीय आणि शेजारी पाइनची झाडं हिरवी उभी आहेत. हे फोटो मी प्रिंट करून घेतले.

पण काम झालं ते फोटोंनी नाही. काकांना फोन केला, ते परत यायला तयार झाले आणि मी कमिटीच्या अध्यक्षबाईंना पंधरा मिनिटं मागितली, मीटिंगमध्ये नाही, आमच्या खिडकीखाली. काकांनी जुनिपरच्या वरच्या हिरव्या फांद्या दोन हातांनी बाजूला केल्या. आत सगळं तपकिरी, वर्षानुवर्षं साठलेल्या वाळक्या सुया, बाहेरून एक काडी दिसत नव्हती. बाईंनी स्वतः हात घातला, मूठ भरून बाहेर काढली आणि वर खिडकीच्या लाकडी चौकटीकडे बघितलं. काही बोलल्या नाहीत. पुढच्याच मीटिंगमध्ये परवानगी मिळाली आणि पहिल्या ५ फुटांसाठी त्या रकान्यात "खडी किंवा फरशी" चालेल असा ठरावही झाला. मला खरंच रडू आलं.

तर तुम्ही काय करा: परवानगी देणाऱ्यांपैकी कुणाला तरी तपासणीच्या दिवशीच बोलवा, मी हे आधी केलं असतं तर अडीच महिने वाचले असते. ५ फुटांबद्दलची शिफारस वेगळ्या पानावर फोटोसकट लिहून मागा. आणि हो, ते येणार म्हणून साफसफाई करू नका, पाला नेमका कुठे साठतो तेच त्यांना बघायचं असतं. माळ्याचं दार उघडं ठेवा. घाबरायचं कारण नाही, आमच्याकडे तरी रिपोर्ट फक्त आमच्याच हातात दिला, दंडबिंड काही नसतो. पायपुसणं आणि डेकवरच्या खुर्च्यांच्या गाद्यासुद्धा त्यांनी लिहून घेतल्या होत्या, वणव्याचा इशारा आला की त्या आधी आत घ्यायच्या.

खडी गेल्या शनिवारी टाकली. आता राहिलंय लाकडी कुंपण, ते जिथे भिंतीला येऊन टेकतं तो शेवटचा तुकडा काढून धातूचा बसवायचाय, नाहीतर आग कुंपणावरून चालत घरापर्यंत येते. ते शेजाऱ्यांच्या आणि आमच्या सामाईक मालकीचं आहे, त्यांच्याशी बोलणं झालंय, आणि त्यांनी स्वतःच्या घराच्या तपासणीसाठी फॉर्म भरलाय.